खोब्रागडे साहेबांचे चिमटे

सूर्यभान दौलत खोब्रागडे हे नाव दिल्लीत कुणालाही एका दमात घेता आलं नाही. ऑफिसातल्या पंजाबी मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'कोबरा साहब' करून टाकलं होतं, आणि मी तिथे रुजू झालो तेव्हा त्या बारशाला वीस वर्षं होऊन गेली होती. "जाओ, पहले कोबरा साहब से मिल लो," असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी दार बोटभरच उघडून पाहिलं. आत गेलो तर समोर सव्वापाच फुटी, अत्यंत निरुपद्रवी गृहस्थ. ऐन मे महिन्यात अंगात हातविणीचा स्वेटर, पायात मोजे, आणि त्या मोज्यांवर गुळगुळीत फरशीवरून घसरत घसरत चाललेले. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला-बूट घालून जायला बंदी होती आणि एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हता. साहेबांनी या दोन्ही गोष्टी मनापासून स्वीकारल्या होत्या.

"पुण्याचे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"असू दे. सुधराल."

नव्वदीची पहिली वर्षं होती ती. देशात नवी कोला येत होती, केबल टीव्ही येत होता, यमुनेपलीकडे शेतं उठून फ्लॅट उभे राहत होते. आम्ही मात्र एका सरकारी खात्याच्या तळघरात काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांपुढे बसलेलो असायचो. माउस वगैरे भानगड नव्हती. मशीनला हुकूम टाइप करून द्यायचा, मशीन तो पाळायचं, आणि आपण चुकीचा हुकूम दिला असेल तर तोही तितक्याच इमानदारीने पाळायचं.

याचा अनुभव मी तिसऱ्या दिवशी घेतला. 'ओल्ड लिस्ट' नावाची एक फाइल पुसायची होती. मी हुकूम टाइप केला: पुसून टाक, ओल्ड लिस्ट. आता त्या मशीनचा कायदा असा, की दोन शब्दांत जागा सोडली की त्या दोन वेगळ्या वस्तू. त्याने आधी 'ओल्ड' नावाची फाइल शोधली, ती नव्हती. मग 'लिस्ट' नावाची शोधली. ती होती. अख्ख्या खात्याच्या पेन्शनरांची यादी होती ती. मशीनने ती क्षणात पुसली आणि पुढच्या हुकमासाठी हजर झालं.

खोब्रागडे साहेब रागावले नाहीत. जुन्या टेपवरून त्यांनी ती यादी परत आणली, त्यात तीन तास गेले. मग ड्रॉवर उघडला आणि त्यातून कपडे वाळत घालायचा एक निळा प्लास्टिकचा चिमटा काढला.

"हे काय आहे?"

"चिमटा."

"दोन फडकी आहेत. वारा सुटला. एक पाकिस्तानात गेलं, एक चीनमध्ये. का? चिमटा नव्हता. नावात जागा असली की दोन्हीकडून अवतरणचिन्हाचा चिमटा लावायचा. मग मशीनला कळतं की आतलं सगळं मिळून एक आहे. समजलं?"

"समजलं."

"आज दिवसभर लावा." आणि त्यांनी तो चिमटा माझ्या कॉलरला लावला.

ही त्यांची ठरलेली शिक्षा होती. चुकणाऱ्याने संध्याकाळपर्यंत कॉलरला चिमटा लावून हिंडायचं. कँटीनमध्ये निळे, हिरवे, गुलाबी चिमटे लावलेले सुशिक्षित लोक रांगेत उभे दिसायचे. गुलाबी म्हणजे दुसऱ्यांदा चूक. चिमटे घरच्या दोरीवरचे असत. साहेबांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, त्याबद्दल कायम तक्रार होती की ऑफिसात अकलेचा दुष्काळ पडला की आमच्याकडे चादरी उडतात.

हळूहळू साहेबांना सगळं जगच चिमट्यांत दिसायला लागलं होतं. भाजीवाल्याशी बोलताना दोन्ही हातांची बोटं हवेत आणून ते म्हणत, "भैया, आधा किलो भिंडी, और चिमटा शुरू, मिर्च धनिया मुफ़्त, चिमटा बंद." भाजीवाला निमूटपणे मिरची-कोथिंबीर एकत्र टाकायचा. एकेरी आणि दुहेरी चिमट्यांतला फरक तर त्यांनी मला असा शिकवला की मी तो मरेपर्यंत विसरणार नाही. एकेरी अवतरणात जे लिहाल ते मशीन जसंच्या तसं घेतं. दुहेरीत मात्र डॉलरची खूण आली की तिचा अर्थ लावत बसतं, तिच्या जागी भलतंच काही आणून ठेवतं. "म्हणून सांगतो पुणेकर," ते म्हणाले, "सरकारने इतकी वर्षं देशाला एकेरी लावून ठेवलं होतं. आता दुहेरी लावलंय. बघा कसा डॉलर घुसतोय आत."

अर्धवट सोडलेली कुठलीही गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. कुणी "काल काय गंमत झाली माहितीये..." असं म्हणून फोन घ्यायला गेला, की साहेब त्याच्या टेबलाशी मोज्यांवर उभे. फोन संपेपर्यंत उभे. "हां, काल काय झालं? बंद करा ते." काकू सांगायच्या, "मला भांडणसुद्धा मध्येच सोडू देत नाहीत. मी रुसून आत गेले की मागून येतात, म्हणतात, वाक्य पूर्ण कर."

त्यांचं हे वेड किती खरं होतं ते भाटियांनी सिद्ध केलं. भाटिया आमचे उपसंचालक. खोब्रागडे साहेब दोन दिवस भंडाऱ्याला गेले असताना त्यांनी स्वतःच्या हाताने संचालकांच्या दौऱ्याची एक फाइल उघडायचं ठरवलं. इंग्रजीत 'डायरेक्टर्स' लिहिताना शेवटच्या एसच्या आधी तो एकेरी चिमटा येतोच. भाटियांनी तो टाइप केला. मशीनने समजून घेतलं की चिमटा सुरू झालाय, आता बंद होईपर्यंत थांबायचं. पडद्यावर एक छोटासा बाण आला. भाटियांनी एंटर मारलं, दुसरा बाण आला. काहीही टाइप करा, मशीन शांतपणे गिळून पुढचा बाण दाखवायचं.

दोन दिवस भाटिया त्या बाणांशी लढले. कंपनीचा इंजिनीयर आला, त्याने मशीनच्या पाठीवर कान ठेवला आणि "मदरबोर्ड" असं निदान केलं. कुणीतरी पडद्याला लिंबू लावावं असंही सुचवलं. तिसऱ्या दिवशी खोब्रागडे साहेब आले, तोपर्यंत स्वतः संचालक पाहणीला तळघरात उतरले होते. साहेबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, एका बोटाने तो एकच चिमटा बंद केला आणि एंटर मारलं.

झालं इतकंच, की मशीनच्या दृष्टीने चिमट्यातलं सगळं मिळून एका फाइलचं नाव होतं. अशी फाइल नाही, असं त्याने नम्रपणे कळवलं, आणि कळवताना ते संपूर्ण नाव पडद्यावर छापलं. त्यात भाटियांनी दोन दिवसांत वैतागून टाइप केलेलं सगळं होतं. सुरुवातीला 'हेल्प' होतं, मग 'प्लीज' होतं, आणि सहाव्या ओळीपासून हे मशीन विकत घेणाऱ्या संचालकांच्या बुद्धीबद्दल विस्तृत विवेचन होतं. संचालकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. त्या संध्याकाळी भाटियांच्या कॉलरला साहेबांनी चिमटा लावला नाही. "त्यांना पुरेसं झालंय," म्हणाले.

रविवारी मी मुनिरक्याच्या माझ्या खोलीतून त्यांच्या सरकारी क्वार्टरवर जेवायला जायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंचे दोन्ही गुडघे पार गेलेले. त्या वर्षातून तीनदाच खाली उतरायच्या: चौदा एप्रिलला, मतदानाला आणि दाताच्या डॉक्टरकडे. एरवी गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या बायकांशी ओरडून गप्पा मारायच्या. त्यामुळे अख्ख्या कॉलनीला सगळ्यांची गुपितं माहीत होती. "मला एकदा तळमजल्यावर राहायचंय," त्या म्हणायच्या. "दार उघडलं की जमीन पाहिजे. सकाळी उठून नुसतं बाहेर जायचं. काम असो नसो."

साहेबांची निवृत्ती वर्षावर आली होती आणि क्वार्टर सोडावंच लागणार होतं. ऑफिसातल्या चोवीस जणांनी मिळून गाज़ियाबादच्या बाजूला एक सोसायटी काढली होती. बारा वर्षं रखडून रखडून शेवटी तिची इमारत उभी राहिली. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकी सहा घरं. कुणाला कुठलं घर हे सोडतीने ठरायचं होतं. काकूंनी तळमजल्यावर लावायच्या झाडांची यादी करून ठेवली होती. साहेब बोलून दाखवायचे नाहीत, पण त्या दिवसांत जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबून वर बघायचे, हे मी पाहिलंय. एकच गोष्ट हवी होती त्या माणसाला, आणि ती चिठ्ठीवर अवलंबून होती.

चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायला सगळ्यांचा विरोध होता. सोसायटीचे सेक्रेटरी अरोरा यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि अरोरांचा उरलेल्या तेविसांवर नव्हता. मग ठरलं की सोडत कॉम्प्युटरवर काढायची. "कम्प्यूटर झूठ नहीं बोलता जी," अरोरा म्हणाले. साहेब स्वतः सभासद, म्हणून त्यांनी त्या कामाला हात लावायला साफ नकार दिला. मी भाड्याच्या खोलीत राहणारा, घराशी सात जन्मांत संबंध नसलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावं एका ओळीत द्यायची, तो प्रत्येकाची एक चिठ्ठी करायचा, पिसायचा, आणि तळमजल्यावरच्या ए-एकपासून वर एकेक घर वाटत जायचा. मी तो चांगला दहा वेळा तपासला. तपासताना सभासदांची नावं कशी वापरायची, लोक संशय घेतील, म्हणून मी आंबा, केळं, संत्रं, फणस अशी नावं दिली. आंब्याला ए-एक मिळालं. सगळं चोख होतं. आदल्या दिवशी साहेबांनी दारातूनच, आत न बघता, विचारलं, "पुणेकर, चिमटे?" मी म्हटलं, "हो काका." चिमटे म्हणजे काय ते मला माहीत होतं, एवढाच त्या 'हो'चा अर्थ होता.

शनिवारी दुपारी सगळी सोसायटी तळघरात जमली. दाराबाहेर चपलांचा ढीग. काकू चौथ्यांदा खाली उतरल्या होत्या, अनवाणी पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या. मी एंटर मारलं. प्रिंटर करकरायला लागला. अरोरांनी कागद हातात घेऊन खणखणीत आवाजात वाचलं, "ए-एक... दौलत!"

लोक माना वळवून मागे बघायला लागले.

"कौन है भई दौलत?"

कुणीच उठेना. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ये तो कोबरा साहब के पिताजी का नाम है!"

दौलतराव खोब्रागडे भंडाऱ्याच्या पुढे कधी आले नव्हते आणि त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. अरोरांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. "ए-दो... कुमार." सात माणसं एकदम उभी राहिली. "ए-तीन... सिंह." पाच उभे राहिले, त्यातले दोघे आधीचे कुमारही होते. ए-चार 'श्रीमती'ला लागलं होतं. सभासद बायका तिघी होत्या, तिघींनी पर्स सावरल्या. ए-पाच 'के'ला. अकाउंट्सचे के. मुरुगन हळूच म्हणाले, "सर, के इज़ माय विलेज." त्यांच्या गावाला घर लागलं होतं.

आंब्याला आडनाव नसतं. मी नावांना चिमटे लावले नव्हते, आणि मशीनने प्रत्येक माणसाचे तुकडे करून तुकड्या-तुकड्याची चिठ्ठी टाकली होती.

गोंधळ शमल्यावर अरोरा पुढे आले. छापून आलेल्या यादीत 'अरोरा' कुठेच नव्हतं, हे लक्षात घ्या. तरी तो माणूस म्हणाला, "देखो जी, बाकी सब दोबारा निकालो. पर दौलत तो लिस्ट में एक ही है. ए-वन कोबरा साहब का. भाभीजी के घुटने सबको पता हैं. किसी को ऐतराज़?"

कुणालाच नव्हता. चोवीस माणसांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. काकूंनी पाय खाली सोडले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि सुटलो, असं वाटलं. माझ्या चुकीतून देवाने चांगलंच काहीतरी काढलं होतं.

खोब्रागडे साहेब उठले. मोज्यांवर घसरत प्रिंटरपाशी आले. "अरोराजी, आपका नाम दो शब्द का है, आपकी दो पर्ची. मुरुगन की दो. मेरा नाम तीन शब्द का, मेरी तीन. हम मराठी लोग बाप को साथ लेकर चलते हैं. ये ड्रॉ नहीं हुआ."

"छोड़ो यार, साहब! सब राज़ी हैं."

"सब राज़ी हैं, ये आपकी मेहरबानी है. पर ये ड्रॉ नहीं हुआ." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बस. मी किबोर्डला हात लावणार नाही. मी सांगतो, तू टाइप कर. चिमटा सुरू."

चोवीस नावं त्यांनी मला अशी सांगितली. चिमटा सुरू, राजेश कुमार गुप्ता, चिमटा बंद. चिमटा सुरू, के. मुरुगन, चिमटा बंद. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. काकू मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या. मी एंटर मारलं.

ए-एक अरोरांना लागलं. सभेने एवढा मोठा सुस्कारा टाकला की प्रिंटरचा कागद हलला. अरोरा बिचारे रडकुंडीला आले, "मैंने कुछ नहीं किया जी, माँ कसम!" सूर्यभान दौलत खोब्रागडे यांना तेविसावं घर लागलं. तिसरा मजला, सगळ्यात वरचा.

अरोरा कागद घेऊन साहेबांकडे आले. "साहब, बदल लेते हैं. चुपचाप."

"आपकी माताजी अस्सी की हैं, अरोराजी. घुटने तो उनके भी हैं," साहेब म्हणाले. अरोरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

चपला शोधताना काकू मला म्हणाल्या, "बघ बाप्पा. माझ्या सासऱ्यांनी वर गेल्यावर पहिल्यांदा सुनेला काहीतरी दिलं होतं. यांनी तेही परत केलं." आणि हसल्या. मला त्या हसण्याचा फार त्रास झाला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे मी सरकारी नोकरी सोडली, एका खाजगी कंपनीत लागलो आणि सोडतीनंतर तीन वर्षांनी हैदराबादला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गाज़ियाबादला गेलो. इमारतीचा जिना चढताना पाहिलं, तर प्रत्येक वळणावर एक खुर्ची. पहिल्या वळणावर अरोरांची वेताची, मग मुरुगन यांची लोखंडी घडीची, वर एक कुशनवाली, कुणाच्या तरी लग्नातली. काकू आता रोज खाली उतरायच्या. प्रत्येक खुर्चीवर थांबायच्या, तिथे आजूबाजूच्या घरांतून चहा यायचा, भांडणं मिटवली जायची, पोरांचे गृहपाठ व्हायचे. तळमजल्यापर्यंत पोचायला कधी तास लागायचा, कधी त्या पोचायच्याच नाहीत.

जेवताना मी तीन वर्षं साठवलेलं बोलून टाकलं. "काका, माझ्यामुळे झालं. आणि त्या दिवशी सगळे देत होते, तर घ्यायला हवं होतं तुम्ही."

साहेबांनी भात कालवला. "पुणेकर, माझ्या बापाला लोकांनी जन्मभर रांगेत शेवटी उभं केलं. विहिरीवर, दवाखान्यात, शाळेच्या दारात. म्हणून मी त्याला मागच्या दाराने पहिला नंबर लावून देऊ? त्याला आवडलं नसतं. त्याला रांगच सरळ पाहिजे होती." मग आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "हिला विचार. हिला आवडलं असतं."

"खूप आवडलं असतं," काकू म्हणाल्या.

मी निघालो तर दोघंही मला सोडायला निघाले. मी नको नको म्हटलं. "घरी आलेल्याला दारापर्यंत सोडतात," काकू म्हणाल्या, "आणि आमचं दार खाली आहे." कुशनवाल्या खुर्चीपर्यंत आम्ही बरोबर उतरलो. तिथे त्या टेकल्या. खालून रिक्षावाल्याचा हॉर्न वाजत होता, माझी गाडी निज़ामुद्दीनहून होती.

"तू हो पुढे, गाडी चुकेल," साहेब म्हणाले. "आम्ही आलोच."

मी धावत उतरलो. रिक्षात बसताना वर पाहिलं. जिन्याच्या सिमेंटच्या जाळीतून दिसत होतं, काकू खुर्चीत बसल्यात आणि खोब्रागडे साहेब त्यांच्यासमोर पायरीवर बसून त्यांचा गुडघा दाबतायत. त्या काहीतरी बोलत होत्या आणि ते हसत होते. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यानंतर मला साहेब दिसले नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

गाडी त्या दिवशी दीड तास उशिरा सुटली. दहा मिनिटं थांबलो असतो तर ते दोघं खाली पोचले असते.